उधारीवर माल देण्यापूर्वी व्यापाऱ्याची पोलीस व न्यायालयातील नोंद कशी पाहावी?

बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल वाचतो, औषधाच्या बाटलीवरील मुदत पाहतो. परंतु चार महिने राबून पिकविलेला माल ज्याच्या हवाली करावयाचा त्याची चौकशी मात्र "पाव्हण्यांच्या ओळखीचा आहे" एवढ्यावरच थांबते. ही चौकशी कागदावर करता येते आणि तिला फारसा खर्चही येत नाही. ती कशी करावी याची माहिती या लेखात दिली आहे.

पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात पुणे, अहिल्यानगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतून भाजीपाला, फळे व कांदा-बटाटा येतो. माल आडत्याच्या गाळ्यावर उतरतो, विक्री होते आणि पट्टी हाती पडते. पट्टीची रक्कम लगेच मिळाली तर प्रश्नच नाही. "पुढच्या खेपेला देतो" असे म्हणत बाकी वाढत जाते किंवा पुढच्या तारखेचा चेक हातावर ठेवला जातो, तेथे प्रश्न सुरू होतो. शिवार खरेदीत धोका याहून जास्त असतो. सन 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. त्यामुळे बांधावर येऊन माल घेणाऱ्यावर बाजार समितीचा पूर्वीसारखा हात चालत नाही. नाशिक भागात द्राक्ष बागायतदारांचे पैसे बुडविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की सन 2020 मध्ये तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी त्यासाठी खास मोहीम हाती घेतली. अशी वसुली पोलिसांकडून झाली तर उत्तमच, पण माल गाडीत भरण्यापूर्वी तासभर खर्च केलेला बरा.

नाव पक्के करावे

सर्व शोध नावावर चालतो, म्हणून पहिले काम नावाचे. गाळ्यावरील पाटीवर पेढीचे नाव असते. न्यायालयात मात्र खटला बहुधा मालकाच्या किंवा भागीदारांच्या नावावर असतो. जुन्या पट्टीवरून पेढीचे नाव, गाळा क्रमांक व परवाना क्रमांक उतरवून घ्यावा. परवाना कोणाच्या नावे आहे, तो चालू आहे की निलंबित, हे बाजार समितीच्या कार्यालयात विचारावे. राज्याच्या सन 1963 च्या पणन कायद्यानुसार आडते व व्यापारी यांना परवाना घ्यावा लागतो आणि तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. पुष्कळदा असे आढळते की परवाना एकाचा आणि गाळा चालवितो दुसराच. अशा वेळी दोघांचीही नावे टिपून घ्यावीत. शिवारात आलेल्या खरेदीदाराकडून आधार कार्डाची प्रत व पत्ता मागावा. तो द्यायला कोणी टाळाटाळ करू लागला तर पुढचा शोध घेण्याची गरजही उरत नाही.

पोलिसांकडील नोंद

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये युथ बार असोसिएशनच्या प्रकरणात आदेश दिला की प्रथम खबर, म्हणजेच एफआयआर, नोंद झाल्यापासून 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशा संवेदनशील बाबी यातून वगळल्या आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे व तारखा निवडून या खबरी पाहता येतात.

येथे एक गोष्ट पुष्कळांना अडवते. पुणे जिल्हा पोलिसांच्या दृष्टीने एक नाही. मार्केट यार्ड पोलीस ठाणे पुणे शहर आयुक्तालयात येते. नारायणगाव, मंचर, सासवड, बारामती ही ठाणी पुणे ग्रामीणमध्ये आहेत. चाकण, आळंदी हा भाग सन 2018 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी चिंचवड आयुक्तालयात गेला. चुकीचा विभाग निवडला तर काहीच सापडत नाही आणि माणूस निर्दोष वाटतो! गुन्हा कोठे घडला त्यावरून ठाणे ठरते, म्हणून यार्डातील व्यवहारासाठी पुणे शहर आणि शिवारातील व्यवहारासाठी आपल्या भागाचे ठाणे पाहावे.

खबर वाचताना कलमे पाहावीत. 30 जून 2024 पर्यंतच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेची कलमे लागतात: फसवणुकीसाठी 420, विश्वासघातासाठी 406, आणि व्यापारी किंवा आडत्याने केलेल्या विश्वासघातासाठी 409. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात फसवणूक कलम 318 मध्ये व विश्वासघात कलम 316 मध्ये आहे. भांडणतंट्याच्या किंवा वाहन अपघाताच्या गुन्ह्याचा आपल्या पैशाशी संबंध नाही, तो सोडून द्यावा.

अटकेची नोंदही गुप्त नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार अटक केलेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. ठाण्यात जाऊन फलक पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. तथापि फलकावरील नाव म्हणजे फक्त अटक, हे विसरू नये.

न्यायालयातील नोंद

आमच्या मते शेतकऱ्याने सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. पैसे थकविणे हा दर वेळी फौजदारी गुन्हा होत नाही. "प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे" असे सांगून पोलीस तक्रारदाराला परत पाठवितात, हे अनेकांनी अनुभवले असेल. त्यामुळे एफआयआर नसणे म्हणजे व्यवहार स्वच्छ असणे नव्हे. थकबाकीदाराची खरी ओळख चेकच्या खटल्यांतून होते.

ई-कोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर जिल्हा व तालुका न्यायालयांतील खटले विनामूल्य पाहता येतात. राज्य, जिल्हा व न्यायालय संकुल निवडावे, मग पक्षकाराचे नाव व वर्ष टाकावे. नावाची किमान तीन अक्षरे लागतात. प्रलंबित व निकाली दोन्ही प्रकार तपासावेत. नावे बहुतांशी इंग्रजीत नोंदलेली असल्याने स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहावे. चौधरीच्या शेवटी कोठे आय असतो, कोठे वाय. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनाव टाकून यादी डोळ्यांखालून घालावी. वर्ष एकेक करून मागची चार-पाच वर्षे तपासावी लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आता कोणते न्यायालय निवडावे? व्यापारी पुण्याचा म्हणून बहुतेक जण शिवाजीनगर न्यायालय पाहून थांबतात. चेकच्या बाबतीत ते अपुरे आहे. सन 2015 च्या दुरुस्तीनुसार चेक ज्याने आपल्या खात्यात भरला, त्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात खटला चालतो. म्हणजे गुलटेकडीच्या व्यापाऱ्याने नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाला दिलेला चेक परत गेला तर खटला जुन्नरला होईल, सासवडच्या अंजीरवाल्याला दिलेला गेला तर सासवडला. त्याच्या गाळ्यावर ज्या तालुक्यांतून माल येतो त्या तालुक्यांची न्यायालये पाहावीत. जुन्नर, घोडेगाव, खेड, शिरूर, सासवड, दौंड, बारामती, इंदापूर अशी नावे यादीत मिळतील. शेजारच्या जिल्ह्यांतून माल येत असेल तर तेथीलही तालुके घ्यावेत.

यादीत खटल्याच्या प्रकाराची अक्षरे असतात. चेकचे खटले बहुधा एस.सी.सी. म्हणून नोंदतात, पोलिसांनी दोषारोपपत्र पाठविलेले आर.सी.सी. म्हणून. नियमित दिवाणी दावा आर.सी.एस. आणि हुकूमनाम्याच्या वसुलीचे प्रकरण म्हणजे दरखास्त. एखाद्याविरुद्ध दरखास्ती दिसल्या तर न्यायालयाचा हुकूम होऊनही तो पैसे देत नाही असा अर्थ होऊ शकतो. ही नोंद आम्ही एफआयआरपेक्षा गंभीर मानतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो लिहून ठेवल्यास पुढच्या तारखा व आदेश थेट पाहता येतात. एफआयआर क्रमांक व पोलीस ठाणे माहीत असल्यास त्यावरूनही खटला शोधता येतो.

मोबाईलवर जमत नसेल तर मुलांची मदत घ्यावी. अनेक न्यायालयांत ई-सेवा केंद्रे आहेत, तेथेही विचारता येते.

सापडलेल्या नोंदीचा अर्थ

नाव वादी किंवा फिर्यादी म्हणून आहे की प्रतिवादी किंवा आरोपी म्हणून, हे प्रथम पाहावे. व्यापाऱ्याचेही पैसे बुडतात व तोही खटले भरतो. पुण्यासारख्या ठिकाणी एकाच नावाचे अनेक जण असतात. पत्ता व वडिलांचे नाव जुळल्याशिवाय ती नोंद त्याची समजू नये. "निकाली" या शब्दाखाली निर्दोष मुक्तता, शिक्षा, तडजोड, तक्रार मागे घेणे असे सर्व काही येते, म्हणून शेवटचा आदेश उघडून वाचावा. एखादा खटला तडजोडीने मिटला असेल तर ती सामान्य बाब आहे. परंतु दरवर्षी सात-आठ शेतकऱ्यांचे चेक परत जातात आणि खटला भरल्यावर लोकअदालतीत मिटतात असे दिसले तर तो माणूस शेतकऱ्यांच्या पैशावर बिनव्याजी धंदा करतो, असेच म्हणावे लागेल. त्याला माल द्यायचा तर रोखीने द्यावा.

सापडलेली माहिती आपल्या निर्णयासाठी वापरावी. आरोप सिद्ध झालेला नसताना चावडीवर किंवा मोबाईलच्या ग्रुपवर "चोर" म्हणून नाव फिरविल्यास अब्रुनुकसानीचा खटला उलट आपल्यावरच येऊ शकतो. शंका असल्यास त्या व्यापाऱ्यालाच खटल्याचा क्रमांक सांगून विचारावे. ज्याचे प्रकरण खरोखर मिटले आहे तो कागद दाखवितो.

नक्कल व माहितीचा अर्ज

आदेशाची प्रमाणित प्रत हवी असल्यास त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा. आपण पक्षकार नसल्यास कारण द्यावे लागते व परवानगी लागते. बाजार समितीकडील माहितीसाठी माहितीचा अधिकार कायदा, 2005 चा उपयोग होतो. अर्जाला 10 रुपये शुल्क असून उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता व 150 शब्दांच्या आत असावा लागतो. "अमुक परवानाधारकाविरुद्ध मागील तीन वर्षांत आलेल्या तक्रारींची संख्या व त्यावरील कार्यवाही" असे नेमके विचारावे. वैयक्तिक माहिती मागितल्यास नकार मिळण्याची शक्यता असते, तसेच तपास चालू असलेल्या गुन्ह्याचे कागद पोलीस देत नाहीत.

आपलाच चेक न वटता परत आला असल्यास मात्र दिवस मोजावेत. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. मेमो, चेक व पट्ट्या एकत्र ठेवाव्यात आणि पहिल्याच आठवड्यात वकिलाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला तसेच अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्यांना तेथे वकील मोफत मिळतो.