सर्वांचे तबक

देवळात कीर्तन संपत आले, की आरतीचे तबक श्रोत्यांमधून फिरते. कोणी त्यात नोट ठेवतो, कोणी एखादे नाणे टाकून नमस्कार करतो. कीर्तनाचे मोल किती, हे ठरविणारा तेथे कोणी अधिकारी नसतो. ज्यांनी ऐकले, तेच ते ठरवितात. लेखकाच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले आहे. राजेरजवाड्यांच्या काळी कवीला दरबारचा आश्रय शोधावा लागे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' सुरू केले आणि मराठीत वृत्तपत्रांचे युग अवतरले. पुढे वाचक वर्गणी देऊ लागला. पण ती वृत्तपत्राच्या चालकाकडे जाई, आणि लेखकाला त्यातून काय द्यावयाचे, हे चालकच ठरवी. इंटरनेट आल्यावर लिहिणारे कोट्यवधी झाले. तथापि त्यांच्या लेखनाशेजारी झळकणाऱ्या जाहिरातींचा पैसा बहुधा संकेतस्थळाच्या मालकालाच मिळत राहिला.

मग वाचकांचा कौल हाच लेखकाचा मोबदला का होऊ नये? हा प्रश्न नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोन अमेरिकन गृहस्थांनी मनावर घेतला. मार्च २०१६ मध्ये त्यांनी 'स्टीम' नावाची एक व्यवस्था सुरू केली. तिच्यावर लेख लिहिण्या-वाचण्यासाठी 'स्टीमिट' हे संकेतस्थळ त्यांनी उभारले, आणि ४ जुलै २०१६ रोजी लेखकांना पहिला मोबदला वाटण्यात आला. या व्यवस्थेत लेखन कसे प्रसिद्ध होते, मोबदला कोठून येतो आणि नवख्या लेखकाने आरंभ कसा करावा, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम तिची हिशेबाची वही समजून घेतली पाहिजे. गावातल्या सोसायटीची वही चिटणिसाच्या कपाटात असते. स्टीमची वही मात्र अनेक संगणकांवर एकाच वेळी असते, आणि ती कोणालाही उघडून पाहता येते. कोणी काय लिहिले, कोणी कोणाला मत दिले, कोणाच्या खात्यात किती जमा झाले, हे सर्व तिच्यात नोंदले जाते. दर तीन सेकंदांनी तिला एक नवे पान जोडले जाते. प्रत्येक पान आधीच्या पानाशी अशा रीतीने बांधलेले असते, की मधलेच एखादे पान गुपचूप बदलता येत नाही. अशा वहीला 'ब्लॉकचेन' म्हणतात. पाने लिहिण्याचे काम २१ 'साक्षीदार' आळीपाळीने करतात. त्यांपैकी २० जण सभासदांच्या सर्वाधिक मतांनी निवडले जातात. एकविसावी जागा इतर उमेदवारांना पाळीपाळीने मिळते.

आता तबकाकडे वळू. कीर्तनात श्रोत्याने टाकलेला रुपया त्याच्याच खिशातून जातो. स्टीममध्ये वाचकाच्या खिशातून काहीच जात नाही. तेथे 'स्टीम' याच नावाचे एक आभासी चलन आहे. त्याची नवी नाणी वहीच्या नियमानुसार सतत निर्माण होतात, आणि त्यांचा मोठा भाग एका सामाईक तबकात पडतो. वाचक लेखाला मत देतो, तेव्हा तो आपले पैसे देत नाही. या तबकातील कोणता वाटा कोणत्या लेखाकडे जावा, एवढेच सुचवितो. लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांनी हिशेब होतो. ऑगस्ट २०१९ मधील बदलापासून लेखाच्या वाट्याचा अर्धा भाग लेखकाला आणि अर्धा त्याला मत देणाऱ्या वाचकांना मिळू लागला. चांगले लेखन शोधून काढणे हेही एक काम आहे, असे या नियमाने मान्य केले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सर्व मतांचे वजन सारखे नसते. ज्याने आपल्या खात्यातील चलन दीर्घकाळ गुंतवून ठेवले असेल, त्याच्याजवळ 'स्टीम पॉवर' म्हणजे मतशक्ती जमते. ही शक्ती पुन्हा चलनात बदलावयाची झाल्यास ती एकदम हाती येत नाही; काही आठवड्यांत हप्त्याहप्त्याने मिळते. समजा, एकाजवळ १० एकक शक्ती आहे आणि दुसऱ्याजवळ १०,०००. तर दुसऱ्याचे एक मत पहिल्यासारख्या हजार जणांच्या मतांइतके जड ठरते. यावरून दिसून येईल, की ही व्यवस्था 'एक माणूस, एक मत' या तत्त्वावर चालत नाही. अनेकांना आवडलेल्या लेखाला थोडे आणि एकाच बलाढ्य सभासदाला आवडलेल्या लेखाला पुष्कळ, असेही तेथे घडू शकते. हा दोष लपविण्यात अर्थ नाही. जो नवखा हे जाणतो, तो पहिल्या आठवड्यातच निराश होत नाही.

आता आरंभ कसा करावा ते पाहू. तुमच्यापैकी कोणाला ही वाट कधी धरावीशी वाटली, तर ती घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या देखरेखीखालीच धरावी. कारण येथे लेखनाबरोबर पैशाचाही व्यवहार येतो.

पहिली पायरी खात्याच्या नावाची. हे नाव इंग्रजी लहान लिपीत, ३ ते १६ अक्षरांचे असते. एकदा घेतलेले नाव पुढे बदलता येत नाही. म्हणून गमतीखातर काहीतरी विचित्र नाव घेऊ नये. लेख मात्र खुशाल मराठीत, देवनागरीत लिहावा.

दुसरी पायरी किल्ल्यांची. एका खात्याला अनेक किल्ल्या मिळतात. या किल्ल्या म्हणजे अक्षरे व अंक यांच्या लांबलचक ओळी होत. एक किल्ली लेख प्रसिद्ध करण्यासाठी आणि मत देण्यासाठी असते. दुसरी चलन पाठविण्यासाठी, तिसरी गुप्त निरोप वाचण्यासाठी, तर सर्वांत महत्त्वाची किल्ली मालकीची. तिने इतर किल्ल्याही बदलता येतात. रोजच्या लेखनाला पहिलीच पुरते. दुकानाच्या गल्ल्याची किल्ली घेऊन कोणी बाजारभर हिंडत नाही. त्याचप्रमाणे मालकीची किल्ली रोज वापरू नये. सर्व किल्ल्या कागदावर उतरून सुरक्षित ठेवाव्यात. बँकेचे पासबुक हरवले, तर अर्ज करून नवे मिळते. येथे किल्ल्या कायमच्या हरवल्या, तर नव्या करून देणारी कचेरी नाही. त्या परक्याच्या हाती पडल्या, तर चलन आणि नाव दोन्ही गमावण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी स्वतःची ओळख करून देण्याची. नव्या सभासदाने पहिल्या लेखात आपला परिचय द्यावा, असा तेथे रिवाज आहे. आपल्याला कशाची आवड आहे, आपण कशाविषयी लिहिणार आहोत, हे त्यात सांगावे. मात्र घराचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, शाळेचे नाव असा तपशील मुलांनी कदापि लिहू नये. कारण या वहीतील मजकूर खोडता येत नाही. लेख दुरुस्त करता येतो, पडद्यावर नवा मजकूर दिसतो. पण जुना मजकूर वहीच्या मागच्या पानावर तसाच राहतो. पाटीवरची अक्षरे ओल्या फडक्याने पुसली जातात. ही अक्षरे ताम्रपटावरची आहेत.

चौथी पायरी प्रत्यक्ष लेखनाची. लेखाला अर्थपूर्ण मथळा द्यावा, मजकुराचे परिच्छेद पाडावेत, आणि शेवटी विषय दाखविणारे शब्द जोडावेत. या विषयशब्दांवरूनच वाचक लेखापर्यंत येतो. पाककृतीच्या लेखाला प्रवासाचा शब्द चिकटवला, तर आलेला वाचक रागावून परत जाईल. पण मुख्य प्रश्न लिहावे कशाविषयी हा आहे. मोठाल्या शहरांची वर्णने हजारोंनी केली आहेत. तुमच्या गावची यात्रा कशी भरते, आजी कुरडया घालताना गव्हाचा चीक कसा शिजविते, ओढ्याकाठी पावसाळ्यात कोणते पक्षी येतात, हे तुमच्याइतके नेमके दुसरा कोण सांगणार? जे स्वतः पाहिले, तपासले आणि समजून घेतले, तेच लिहावे.

पाचवी पायरी वाचनाची. पुष्कळ नवे लेखक लेख लिहून मोबदल्याची वाट पाहत बसतात. त्याऐवजी इतरांचे लेख मनापासून वाचावेत, समजले नाही तेथे प्रश्न विचारावा, आवडले तेथे काय आवडले ते लिहावे. नुसते 'छान' लिहून पुढे जाणाऱ्याला कोणी ओळखत नाही. वाचकांचा स्नेह हेच नवख्याचे खरे भांडवल.

येथवर आल्यावर एक मोह आडवा येतो. दुसऱ्याचा लेख उचलून आपल्या नावावर घालावा आणि झटपट मोबदला मिळवावा, असे काहींना वाटते. स्टीमवर हा प्रकार इतका वाढला, की सभासदांनीच 'स्टीमक्लीनर्स' नावाचे पथक उभारले. 'चीता' नावाचा एक स्वयंचलित पहारेकरीही नेमण्यात आला होता. लेखातील मजकूर इंटरनेटवर अन्यत्र आढळला, की तो लेखाखाली तशी सूचना लिही. असे लेखन दिसल्यास सभासद विरुद्ध मत देऊन त्याचा मोबदला कमी करीत. यात सूडबुद्धी नव्हती. तबक एकच आहे; त्यातून एकाने लबाडीने उचललेला वाटा प्रामाणिक लेखकांच्याच वाट्यातून जातो. म्हणून येथील वाङ्मयचौर्य हा केवळ मूळ लेखकाचा नव्हे, तर त्या तबकाभोवती बसलेल्या सर्वांचा अपराध ठरतो.

आणि मोबदल्याचे काय? तो आभासी चलनात मिळतो, आणि त्या चलनाचा भाव एकसारखा राहत नाही. जानेवारी २०१८ च्या आरंभी एका स्टीमचा भाव आठ डॉलरांच्या घरात पोहोचला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टीमिट चालविणाऱ्या कंपनीला सुमारे ७० टक्के कर्मचारी कमी करावे लागले. भाव चढत असता जे केवळ पैशासाठी लिहीत होते, त्यांना लिहिण्याचे कारण उरले नाही. ज्यांना लिहिण्यातच आनंद होता, त्यांच्यापाशी ते कारण शिल्लक राहिले.

या मंडळींची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जस्टिन सन या उद्योजकाने स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीजवळ चलनाचा फार मोठा साठा होता. त्याच्या बळावर सर्व साक्षीदार एकटी कंपनीच निवडू शकेल, अशी भीती सभासदांना वाटली. म्हणून साक्षीदारांनी त्या साठ्याचा वापर तात्पुरता रोखला. मार्चच्या आरंभी काही चलनबाजारांनी आपल्याकडे ठेव म्हणून असलेले ग्राहकांचे चलन मतदानाला वापरले, आणि जुने साक्षीदार बाजूला सारले गेले. तेव्हा अनेक सभासदांनी निराळाच मार्ग धरला. वही सर्वांना खुली होती. तिची प्रत करण्यास कोणाची आडकाठी नव्हती. २० मार्च २०२० रोजी त्यांनी 'हाइव्ह' या नावाने नवी वही सुरू केली. जुने लेख त्यांच्या लेखकांच्या नावांसह तिच्यात आले. कंपनीचा तो साठा मात्र त्यांनी कंपनीच्या नावे नव्या वहीत घेतला नाही. हाइव्ह म्हणजे मधमाश्यांचे पोळे. राणीमाशी उडाली, की मोहोळ दुसरीकडे बसते. तसेच हे स्थलांतर झाले.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. लेखन कोठेही प्रसिद्ध केले, तरी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. विशेषतः छायाचित्रे जपावीत, कारण ती या वहीत नसून वेगळ्या संगणकांवर साठविलेली असतात. दुसरी गोष्ट अशी, की कोणतीही व्यवस्था केवळ यंत्राने किंवा नियमाने उभी राहत नाही. यंत्र मते मोजू शकते. मत कोणाला द्यावे, हे माणसालाच ठरवावे लागते. सामाईक तबकातून जो घेतो, त्याने आपल्या प्रामाणिक लेखनाने आणि चोखंदळ वाचनाने त्यात काही घातलेही पाहिजे. तेव्हा खाते उघडण्याची घाई करू नका. आजच एक वही घ्या, आपल्या गावाविषयी पानभर मजकूर लिहा, आणि तो वर्गातील एका मित्राला वाचावयास द्या. त्याने एक प्रश्न विचारला, तर समजा, तुम्हाला पहिला वाचक मिळाला.

अभ्यास

१. कीर्तनातील तबक आणि स्टीममधील सामाईक तबक यांत साम्य कोणते व फरक कोणता?
२. 'ही अक्षरे ताम्रपटावरची आहेत' असे लेखक का म्हणतो?
३. १० एकक आणि १०,००० एकक मतशक्तीचे उदाहरण कशासाठी दिले आहे? ही पद्धत तुम्हाला न्याय्य वाटते काय? कारणे द्या.
४. दुसऱ्याचा लेख आपल्या नावावर घालणे हा सर्वांचा अपराध कसा ठरतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. पुढील शब्दांचा स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा : सामाईक, चोखंदळ, आडकाठी, कौल, कदापि.
६. तुमच्या गावातील वा वस्तीतील, तुम्ही स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीविषयी पंधरा ओळी लिहा आणि त्यांना योग्य मथळा द्या.