अंधारांतील अंकुर व हरितद्रव्य

नवरात्रांत आपल्या अमडापुरांतील अनेक घरीं घट बसतात. शेतांतील काळी माती आणून तींत गहूं, ज्वारी इत्यादि धान्यें पेरितात आणि दसऱ्यापर्यंत त्यांचे कोवळे, पिवळसर कोंब वाढतात. तेंच धान्य त्याच मातींत उघड्या शेतावर पेरिलें असतां हिरवेंगार उगवतें. घटाजवळ दिवा तेवत असतो खरा, पण त्याचा उजेड फार मंद. प्रकाशाच्या अभावीं कोंब पिवळे राहतात हें उत्तर सातवीचा विद्यार्थीहि देईल. तें बरोबर आहे, परंतु अपुरें आहे. अंधारांतील अंकुर नुसता दुबळा नसतो. तो हात आंवरून बसलेला असतो, आणि तसें बसण्यांत त्याच्या जिवाचें रक्षण असतें.

हरितद्रव्य जितकें उपकारक तितकेंच घातक आहे. त्याचा कण प्रकाश शोषून उत्तेजित होतो. तो प्रथिनांच्या चौकटींत आपल्या जागीं बसलेला असेल, तर ती शक्ति शेजारच्या कणांकडे जाऊन अखेर अन्ननिर्मितीच्या कामीं लागते. मोकळा असेल, तर तीच शक्ति प्राणवायूस मिळते. त्याचें अति दाहक रूप बनतें व पेशी आंतून जळते. या चौकटींना फोटोसिस्टिम म्हणतात. उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका नील-हरित सूक्ष्मजीवांतील अशा चौकटीची रचना २००१ सालीं उलगडली, तेव्हां तिच्या तीन सारख्या भागांपैकीं प्रत्येकांत हरितद्रव्याचे ९६ कण आढळले. प्रत्येकाची जागा ठरलेली!

आतां अडचण पाहा. हरितद्रव्य मिळालें नाहीं, तर चौकटीच्या पुष्कळ प्रथिनांची घडी नीट बसत नाहीं व पेशी तीं मोडून टाकते. म्हणजे पाट मांडण्यापूर्वीं पाहुणे आंत घेतले तर आग लागावी, आणि पाहुणे येण्यापूर्वीं मांडलेले पाट कोणी उचलून न्यावेत, अशी ही पंगत आहे. दोन्ही कामें बरोबरच चाललीं पाहिजेत.

गहूं-ज्वारींत याची तजवीज अशी, कीं हरितद्रव्य तयार होण्याच्या शेवटाजवळची एक पायरी प्रकाशावांचून ओलांडतांच येत नाहीं. (पाइन वृक्षाच्या रोपांत ती अंधारांतहि ओलांडणारें दुसरें विकर आहे, म्हणून तीं अंधारांतहि हिरवीं होतात.) अंधारांत कच्चा माल त्या पायरीशीं अडून राहतो. पण हा कच्चा मालहि फार सांचला तर प्रकाशांत तसाच जाळतो. म्हणून फ्लू नांवाचें एक प्रथिन अगदीं आरंभींचेंच काम थांबवितें. मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस नांवाच्या लहान वनस्पतींत हें प्रथिन बिघडलेलीं रोपें शास्त्रज्ञांनीं शोधिलीं व २००१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. अंधारांत वाढवून उजेडांत आणतांच तीं पांढरीं पडून मेलीं. ज्या प्रकाशावर वनस्पतीनें जगावें, त्यानेंच तिचा घात केला.

मला याहून नवल वाटतें तें २०१८ सालच्या शोधाचें. प्रकाश गोळा करणारीं प्रथिनें त्यांच्या जागीं पोहोंचविणारा एक वाहक पूर्वींपासून माहीत होता. तोच वाहक हरितद्रव्याच्या आरंभींच्या एका महत्त्वाच्या विकरालाहि बिघडूं देत नाहीं, असें त्या वर्षीं दिसून आलें. पाट वाहणारा गडीच आमंत्रणांवरहि नजर ठेवितो!

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा. दोन डब्यांत गहूं पेरून एकावर मडकें पालथें घालावें. आठवड्यानें सकाळीं मडकें काढून डबा अंगणांत, पण कडक उन्हाबाहेर ठेवावा, व तासातासानें पाहून वेळ टिपावी. सांचलेला कच्चा माल पहिल्या कांहीं क्षणांतच हरितद्रव्य होतो, पण तो इतका थोडा, कीं डोळ्यांना कांहींच फरक दिसत नाहीं. नंतर कित्येक तास पातीं पिवळींच भासतात. त्या अवधींत नवें हरितद्रव्य व नव्या चौकटी यांची जुळवाजुळव चाललेली असते. मग हळूहळू हिरवी झांक येऊं लागते. ती प्रथम पात्याच्या शेंड्याला येते कीं बुडाला, हेंहि वहींत लिहून ठेवावें.