गवत, धान्य आणि दूध : जमिनीच्या उपयोगाचा पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर, भूगोल व गणित यांचा समन्वय)

दूध कोठून येते असे विचारल्यास खेड्यातील मूल ‘म्हशीपासून’ असे उत्तर देते आणि ते बरोबरच असते. परंतु म्हशीने खाल्लेला चारा कोणत्या जमिनीवर उगवला, आणि त्याच जमिनीवर माणसासाठी काय पिकले असते, हे प्रश्न वर्गात सहसा विचारले जात नाहीत. मनुष्य आणि गुरे या दोघांचेही पोट एकाच जमिनीवर अवलंबून आहे, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे हा या पाठाचा उद्देश होय.

तबेल्यांचे शहर

पाठाचा आरंभ मुंबई उपनगरापासून करावा. नकाशात अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही ठिकाणे मुलांकडून शोधून घ्यावीत. ही सर्व स्थळे साष्टी बेटावर आहेत. १९२० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे आणि येथील सखल जमिनीत भात पिकत असे. पुढे शहर वाढत गेले, शेते वस्तीखाली गेली आणि दुधाची गरज मात्र वाढतच राहिली.

त्या काळी मुंबईस लागणारे पुष्कळसे दूध शहरातील तबेल्यांतूनच मिळे. दुभत्या म्हशी दूरच्या प्रांतांतून विकत आणून दाटीने बांधल्या जात. चारा बाहेरून विकत आणावा लागे. म्हणून आटलेली म्हैस पोसणे तबेलेवाल्यास परवडत नसे. पुष्कळ चांगली जनावरे ऐन उमेदीत खाटकाकडे जात आणि पारडांची आबाळ होई. ज्या जनावराच्या पाठीशी जमीन नाही, त्याचे असे हाल होतात, हा यातील पहिला धडा.

आरे येथील प्रयोग

या अडचणीवर उपाय म्हणून १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्धवसाहत उभारण्यात आली. मुंबईचे दुग्ध आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेचे प्रवर्तक होते. ४ मार्च १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. सुमारे १,२८७ हेक्टर क्षेत्रावर जवळजवळ १६,००० जनावरांची सोय करण्यात आली. म्हशी मालकांच्याच राहिल्या. गोठे सरकारने बांधून दिले आणि दूधही सरकारच विकत घेई. गोठ्यांतील शेणामुताचे पाणी वाया न घालविता त्यावर पॅरागवत वाढविण्यात येई. टाकाऊ वस्तूपासून चारा निर्माण करण्याचा हा मार्ग अनुकरणीय होय.

तथापि दोन गोष्टी मुलांस अवश्य सांगाव्यात. एक, एवढ्या जनावरांस तेथील हिरवे गवत पुरेसे नव्हते. वाळके गवत, पेंड व भुसा बाहेरूनच आणावा लागे. दुसरी, ती जमीन निर्जन नव्हती. तेथे वारली आदिवासींचे पाडे होते व आजही आहेत.

गवताच्या मागे असलेली माणसे

मुंबईच्या गुरांसाठी लागणारे वाळके गवत उत्तरेकडील रानांतून मोठ्या प्रमाणावर येत असे. उंबरगाव व डहाणू या भागांत १९४५ साली वारली मजुरांनी जो लढा दिला, त्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता. गोदावरी परुळेकर यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे.

त्याहूनही बोधप्रद उदाहरण पारडी तालुक्याचे आहे. हा तालुका तेव्हा मुंबई राज्याच्या सुरत जिल्ह्यात होता. आज तो गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे. तेथील मोठ्या जमीनमालकांनी विस्तीर्ण जमीन गवतासाठी राखून ठेवली होती. गवतास नांगरणी नको, मजूर थोडे पुरत आणि मुंबईच्या बाजारात भाव चांगला येई. मालकाचा हिशोब असा सोपा होता. परंतु भूमिहीन आदिवासींस कापणीपुरतेच काम मिळे आणि घरी धान्याचा दाणा नसे. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. गवताच्या जमिनीवर अन्नधान्य पिकू द्यावे, एवढीच मागणी होती. जमिनीत शिरून ती नांगरू लागलेल्या सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. तडजोड होण्यास १९६७ साल उजाडले.

फळ्यावरील हिशोब

येथे शिक्षकाने खडू हाती घ्यावा. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. शक्य तेथे गावातील शेतकऱ्यांस विचारून खरे आकडे घालावेत.

समजा, एक एकर शेतात १० क्विंटल भात झाले. त्यापासून सुमारे ६५० किलो तांदूळ मिळेल. माणशी रोज ४०० ग्रॅम धरल्यास चार माणसांना वर्षभर पुरून तो थोडा उरेल. शिवाय सुमारे १० क्विंटल पेंढा मिळेल. एका म्हशीस रोज ६ किलो सुका चारा लागतो असे धरल्यास हा पेंढा १६६ दिवस पुरेल.

आता त्याच एकरात केवळ गवत राखले आणि २० क्विंटल वाळके गवत निघाले असे समजू. ते ३३३ दिवस पुरेल. म्हणजे एका म्हशीचा साडेपाच महिन्यांचा जादा चारा मिळविण्यासाठी चार माणसांचा वर्षाचा तांदूळ सोडावा लागला.

पेंढ्यापेक्षा गवत अधिक सकस असते आणि केवळ पेंढ्यावर म्हैस दूध देत नाही, हेही सांगावे. बांधावरचे हिरवे गवत, भाताचा कोंडा, तेलाची पेंड व कडधान्याची चुणी यांची जोड द्यावी लागते. मात्र या बहुतेक वस्तू माणसाच्या अन्नाबरोबरच निर्माण होतात. मनुष्यास जे पचत नाही ते खाऊन गुरे दूध, शेणखत व बैलांचे श्रम देतात. तेव्हा ती माणसाच्या अन्नात भरच घालतात. जगातील तृणधान्यांपैकी सुमारे एक तृतीयांश धान्य आज जनावरांस घातले जाते. तेथे मात्र माणसाच्या अन्नाचा मोठा भाग खर्ची पडून थोडे परत मिळते.

जनावराऐवजी दुधाचा प्रवास

खेडा जिल्ह्यातील उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ साली स्थापन झाला आणि १९४८ पासून आणंदचे दूध मुंबई दूध योजनेस मिळू लागले. जनावर आपल्या शेतापाशी राहिले, शेतातील कडबा तेथेच उपयोगी पडला, शेण त्याच शेतास मिळाले आणि शहरास केवळ दूध गेले. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल, व्हर्गीस कुरियन व दारा खुरोडी या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. उत्पादकांचा संघ आणि शहराची योजना या दोन्ही बाजूंचा तो गौरव होता.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. आपल्या घरच्या अथवा शेजारच्या गोठ्यातील जनावर दिवसभरात काय खाते, त्याची यादी करावी व प्रत्येक वस्तू कोठून येते ते लिहावे.

२. त्यांपैकी कोणत्या वस्तू माणसास खाता आल्या असत्या, त्यांवर खूण करावी.

३. गावातील गवताची रानेे पाहावीत. तेथे भात, नाचणी किंवा वरी होऊ शकेल काय, हे जाणत्या शेतकऱ्यांस विचारावे. जेथे यांपैकी काहीच होत नाही असा खडकाळ उतार गवतासच योग्य होय.

गवत वाईट आणि धान्य चांगले, अशी समजूत मुलांची होऊ देऊ नये. वाढत्या वयास दुधाचीही गरज असते. जमिनीचा तुकडा दिसताच येथे काय पिकते, ते कोणाच्या मुखी जाते आणि येथे राबणाऱ्याच्या घरी चूल पेटते काय, हे तीन प्रश्न मुलांच्या मनात आपोआप उभे राहू लागले, म्हणजे या पाठाचे कार्य झाले असे शिक्षकांनी समजावे.