चलच्चित्रांचा पाठ व साधनांची निवड
(इयत्ता ५ वी ते ७ वी : चित्रकला, विज्ञान व गणित यांचा समवाय)

१. प्रास्ताविक

यावल तालुक्यातील मुलास केळीची बाग परकी नाही. गुंडाळलेला पोंगा उलगडून त्याचे रुंद पान होते, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु ते उलगडताना मात्र कोणीच पाहिलेले नसते. ही क्रिया इतकी संथ असते की ती डोळ्यास जाणवत नाही. अशी अदृश्य गती दृश्य करणे आणि कागदावरील निश्चल चित्रास चालते-बोलते करणे, हे चलच्चित्राचे अर्थात अ‍ॅनिमेशनचे कार्य होय.

हा विषय वर्गात घ्यावयाचा म्हटले की पहिला प्रश्न साधनांचा उभा राहतो. कागद घ्यावा की संगणक? साधी पेन्सिल पुरेल की चित्रफलक हवा? हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण तसा तो नाही. ग्रामस्थांच्या वर्गणीतून आणलेले महाग यंत्र बिघडेल या धास्तीने कपाटात बंद राहिले, तर पैसा जातोच. शिवाय हे काम आपले नव्हे, अशी मुलांची समजूत होते. दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे आहे.

२. पूर्वसूरींचा धडा

महाराष्ट्रात या कलेची सुरुवात अल्प साधनांनीच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून ते कथा सांगत.

पुढे दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ क्रमाक्रमाने चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट तयार केला. तो दाखवून त्यांनी चित्रपटासाठी भांडवल मिळविले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. एक कुंडी, एक वाटाणा, एक कॅमेरा व पुष्कळ चिकाटी एवढीच ती सामग्री होती. १९७४ साली विजया मुळे व भीमसेन यांनी केलेला ‘एक अनेक और एकता’ हा हस्तचित्रांचा लघुपट तर दूरदर्शनमुळे देशभरच्या मुलांच्या तोंडी झाला.

साधनांचा विवेक या तालुक्यास नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे राष्ट्रसभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याच्या सजावटीचे काम गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांजकडे सोपविले होते. त्यांनी शहरी सामान न मागविता बांबूसारखे खेड्यात मिळणारे साहित्य वापरून ती नगरी सजविली. शाळेनेही प्रथम जवळ काय आहे ते पाहावे. मग जे उणे असेल त्याचा विचार करावा.

३. मूळ तत्त्व

एकमेकांहून किंचित भिन्न अशी चित्रे भराभर डोळ्यांसमोरून गेली की डोळा व मेंदू ती जोडून घेतात आणि गतीचा भास होतो. चित्रपटात एका सेकंदास २४ चित्रे दाखवितात. हस्तचित्रांत बहुधा एकच चित्र दोनदा घेतात. म्हणून सेकंदास १२ चित्रे पुरतात. साधन कोणतेही असो, हा हिशेब बदलत नाही.

४. साधनांचा परिचय

(अ) कागद व पेन्सिल : आरंभ येथूनच करावा. पुठ्ठ्याच्या गोल तबकडीच्या एका बाजूस पोपट व दुसऱ्या बाजूस पिंजरा काढून ती दोऱ्याने गरगर फिरविली की पोपट पिंजऱ्यात दिसतो. त्यानंतर फडफडवही करावी. तिला कागद जाडसर घ्यावा. पातळ कागद अंगठ्याखालून नीट सुटत नाही. चित्र पानाच्या बाहेरील कडेकडे काढावे.

मोठ्या कामासाठी प्रकाशपेटी लागते. दोन विटांवर काच ठेवून खाली छोटा दिवा लावला की ती तयार होते. काचेच्या कडांना कापडी पट्टी चिकटवावी. वीज नसेल तेव्हा खिडकीची काच चालते. सर्व कागदांना कार्यालयातील छिद्रयंत्राने एकसारखी दोन छिद्रे पाडून ते दोन खुंट्यांत अडकवावे. ही खबरदारी न घेतल्यास चित्र हलण्याऐवजी सारा देखावाच थरथरतो. कच्ची रेघ फिकट निळ्या पेन्सिलीने व पक्की रेघ काळ्या पेन्सिलीने काढावी.

(आ) मोबाईलचा कॅमेरा : मातीची चित्रे, चिंचोके, पाने अथवा कागदी बाहुल्या किंचित सरकवून एकेक छायाचित्र घ्यावे. येथे महाग मोबाईलपेक्षा न हलणारा आधार महत्त्वाचा. प्रकाशही सारखा असावा; ऊन-सावली बदलली की चित्र लुकलुकते.

(इ) संगणक : पेन्सिल२डी, क्रिता, सिन्फिग, ओपनटूंझ व ब्लेंडर हे कार्यक्रम विनामूल्य असून त्यांच्या प्रती इतर शाळांस मोकळेपणाने देता येतात. एकदा उतरवून घेतले की चित्रे काढण्यास इंटरनेट लागत नाही. पेन्सिल२डी सर्वांत साधा असल्याने नवशिक्यांस योग्य. क्रितात रंगकामाची सोय अधिक आहे. ब्लेंडर समर्थ, परंतु शिकण्यास अवघड. २०२५ साली ऑस्कर मिळविणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियातील चित्रपट त्यावरच तयार झाला. मागील चित्राची पुसट छाया दाखविण्याची सोय संगणकात असते. प्रकाशपेटीचेच ते नवे रूप होय. चित्रफलक घ्यावयाचाच झाल्यास पडद्याविना असलेला साधा फलक पुरे. तो स्वस्त असतो. मात्र हात एकीकडे व दृष्टी दुसरीकडे ठेवण्याचा सराव करावा लागतो.

५. निवडीच्या कसोट्या

साधन घेण्यापूर्वी शिक्षकांनी पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत.

(१) ते एका वेळी किती मुलांच्या हाती येईल?
(२) वीज गेली असता पाठ चालू राहील काय?
(३) ते मोडले तर गावात अथवा तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होईल काय?
(४) त्याविना मुलांचे कोणते काम अडले आहे?

चौथ्या प्रश्नास स्पष्ट उत्तर नसेल, तर खरेदी लांबणीवर टाकावी. फडफडवहीत पन्नास पाने काढलेल्या मुलास संगणकाची किंमत कळते. न काढलेल्यास संगणक केवळ खेळणे वाटते.

६. पाठाची मांडणी

विज्ञान : शालेय परसबागेतील वाऱ्यापासून आडोशाच्या जागी असलेली केळ निवडावी. समोर मेख रोवून तिच्यावर खाच असलेली फळी बसवावी, म्हणजे मोबाईल प्रत्येक वेळी त्याच जागी ठेवता येईल. सोमवार ते शुक्रवार, सकाळी १०॥ पासून दुपारी ४ पर्यंत दर अर्ध्या तासास एक छायाचित्र घ्यावे. दिवसास १२ याप्रमाणे पाच दिवसांत ६० छायाचित्रे होतील व त्यांचा पाच सेकंदांचा पट तयार होईल. त्यात चार ठिकाणी पान एकदम उडी मारल्यासारखे दिसेल. असे का झाले, हे शिक्षकांनी सांगू नये. रात्रीचे अंतर मुलांनीच शोधून काढावे.

गणित व चित्रकला : वर्गात ३० मुले असून प्रत्येकाने ४ चित्रे काढल्यास १२० चित्रे होतात, म्हणजेच दहा सेकंदांचा पट. प्रत्येक मुलाचे पहिले चित्र शेजाऱ्याच्या शेवटच्या चित्राशी जुळले पाहिजे. एकाने आळस केला तर सर्वांचा पट अडखळतो. सहकार्याचे महत्त्व सांगण्यास निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळांत पावरी व तडवी कुटुंबांतील मुले येतात. घरची बोली निराळी असल्याने काही मुले वर्गात प्रारंभी गप्प असतात. अशा मुलास आपल्या पाड्यावरील एखादा प्रसंग चित्रांतून दाखवू द्यावा. पट पाहून इतर मुले प्रश्न विचारतील आणि त्या मुलास उत्तर द्यावेसे वाटेल. पहिला शब्द कोणत्या बोलीत आला, याची चिकित्सा त्या वेळी करू नये.

७. समारोप

साधन हे मुलाच्या हाताचे सेवक आहे. ज्या शाळेत संगणक आहे तिने तो मुलांच्या हाती द्यावा. ज्या शाळेत नाही तिने पाठ अडवून ठेवू नये. वहीच्या कोऱ्या कडा तेथेही आहेतच.

विचारार्थ प्रश्न (केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी)

१. आपल्या शाळेत आज उपलब्ध असलेल्या साहित्यातून यांपैकी कोणती कृती उद्याच करता येईल?
२. परिसरातील आणखी कोणती संथ क्रिया अशा रीतीने दृश्य करता येईल?
३. शाळेतील कोणते साधन मुलांचे हात लागण्याऐवजी कपाटात पडून आहे? ते बाहेर येण्यास कशाची अडचण आहे?