नेम आणि प्रसंग

शहापूर तालुक्यातील तानसा तलाव 1892 साली पूर्ण झाला. तेव्हापासून तो मुंबईची तहान भागवीत आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सातही तलावांच्या पातळीची नोंद रोज सकाळी सहा वाजता होते.

अशी नेमाची कामे संगणकाकडे सोपविता येतात. समजा, पातळीचे आकडे गोळा करून, कालच्या आकड्यांशी ताडून तक्ता करावयाचा आहे. या सूचना क्रमाने एका फाइलीत लिहितात. तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. युनिक्स प्रणालीत ‘क्रॉन’ नावाचा पहारेकरी असतो. मिनिट, तास, दिनांक, महिना व वार अशी पाच घरे भरून त्याला वेळ सांगतात. ती वेळ होताच तो स्क्रिप्ट चालवितो.

परंतु मुलांनो, आषाढातला पाऊस घड्याळ पाहून येतो काय? दुपारीच तलाव भरू लागला, तर नदीकाठच्या गावांनी उद्याच्या सकाळची वाट पाहावी काय? मुळीच नाही! स्क्रिप्टचे नाव टंकून आज्ञा देताच तेच काम तत्काळ होते. घाईत एखादी पायरी विसरत नाही आणि उद्याचा नेमही चुकत नाही. दक्षता एकच : दुपारच्या नोंदीने सकाळची नोंद पुसली जाऊ नये, म्हणून प्रत्येक नोंदीवर दिनांकाबरोबर वेळही लिहावी.

नेम पाळणे यंत्राला शिकविता येते; प्रसंग ओळखून त्याला वेळेपूर्वी हाक देणे, हे मात्र जागरूक माणसाचे काम आहे.

स्वाध्याय
1. क्रॉनला वेळ कशी सांगतात?
2. नोंदीवर वेळ का लिहावी?