पश्चिमेच्या दाराला कोणता रंग?

प्रश्न : आमचं जुनं सागवानी दार पश्चिमेकडे, थेट गल्लीत उघडतं. हिरव्या ऑइल पेंटचे पोपडे निघताहेत. मुलांना काळसर करडा हवा आहे. काय करावं? – एक वाचक, राजपुरा, बुऱ्हाणपूर

उत्तर : काळसर करडा नकोच. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४० च्या वर असतो. गडद रंग दुपारभर ऊन पितो, फळ्या तापून सुकतात, सांधे उघडतात आणि रंगाला तडे जातात. मी फिकट गेरू किंवा पिवळसर मातकट सुचवेन. या रंगांत लोहाची संयुगं असतात, ती उन्हाने विटत नाहीत. भडक लाल मात्र लवकर फिका पडतो.

दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका. प्लायच्या तुकड्यावर दोन हात मारून तो दाराला टेकवा. सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर बघा. अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीचा रंगही दारावर उतरतो.

जुना रंग कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, मुलांना लांब ठेवा, चिखल फडक्याने टिपून घ्या. लाकूड पूर्ण वाळल्यावर थिनरने पुसा, कारण सागाच्या तेलामुळे प्रायमर नीट धरत नाही. मग प्रायमर, लांबी आणि इनॅमलचे दोन हात. हे काम दिवाळीनंतर काढा. दार उतरवून खालची कडही रंगवून घ्या. कारागीर ती हमखास सोडतात आणि पावसाचं पाणी तिथूनच चढतं.