गावपांढरीची प्रदक्षिणा

आपल्या पूर्वजांनी गावच्या भूमीचे दोन भाग कल्पिले होते : काळी आणि पांढरी. जी पिकते ती काळी. जिच्यावर माणसे राहतात ती पांढरी. हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या खोऱ्यातून जाताना हा भेद डोळ्यांनाही दिसतो. काळ्याभोर शेतांमध्ये एखादे राखी रंगाचे टेकाड उठून दिसते; त्यावर गाव वसलेले असते, किंवा एके काळी वसलेले होते.

काळ्या मातीच्या मुलखात ही पांढरी माती आली कोठून? ती माणसांनीच निर्माण केली. मातीचे घर पडले की त्याच्याच मातीवर दुसरे उभे राही. चुलीतील राख, शेण, चुना, फुटकी मडकी, जनावरांची हाडे यांची शतकानुशतके भर पडत गेली आणि पांढर उंच होत गेली.

विद्यार्थी मित्रांनो, पाऊस ओसरल्यावर आपल्या गावाला एकदा पायी वळसा घाला. वेशीपासून निघा. वेस पुष्कळ ठिकाणी नावापुरतीच उरली आहे; गावकूसही ‘गावकुसाबाहेर’ या शब्दातच काय ते शिल्लक! गढी मात्र कित्येक गावी अजून उभी आहे. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गावकरी अशा गढ्यांचा आसरा घेत. तिच्या पडक्या बुरुजाची जाडी पाहिली म्हणजे त्या भयाची कल्पना येते.

पुढे ओढ्याने टेकाड कापलेले असेल, तेथे घाई करू नका. दरडीत पट्टे दिसतील : राखेचा करडा, भाजलेल्या मातीचा तांबूस, मध्येच एखादे खापर. खालचा थर जुना, वरचा नवा. पुरातत्त्वशास्त्राची सारी इमारत या साध्या नियमावर उभी आहे. दक्षिण इंग्लंडातील खडूच्या पांढऱ्या टेकड्यांवर मेडन कॅसल नावाचा मातीच्या तटांचा प्राचीन किल्ला आहे. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया विद्यार्थिदशेत तेथे थर वाचावयास शिकले आणि १९५४ ते १९५६ मध्ये त्यांनी प्रवरेकाठच्या नेवाशाची पांढर उलगडली.

आपल्या मराठवाड्यातील तेरची कथा तर अधिकच रम्य आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू आस्थेने जमविल्या. त्यांतूनच तेथील संग्रहालय उभे राहिले. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य कोठे आढळावे? इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी!

ही माती कसदार असते. पूर्वी माळवदावर घालण्यासाठी ती बैलगाडीने नेत. शेतात खत म्हणून ती आता ट्रॅक्टरने जाते. शेतकऱ्यास त्याबद्दल दोष देणे मला रुचत नाही. त्याला पिकाची चिंता असते. परंतु थरातून सुटून रानात पडलेले खापर आपला काळ सांगू शकत नाही. म्हणून तुम्ही स्वतः काही उकरू नका. दिसेल त्याचे चित्र काढा, तो थर वरून किती हात खाली आहे ते लिहा, दिनांक घाला आणि वही गुरुजींना दाखवा. जेथून नुकतीच माती नेली असेल, तेथे प्रथम जा. तेथील दरड ताजी असते, थर स्वच्छ दिसतात आणि पुढल्या वर्षी ते तेथे नसतात.